वंगाळ पानी

सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुकन्या,

तुझं पत्र पोचलं. अक्षर पुन्हा बिघडलंय. फ्रान्समध्ये राहून माणूस र आणि स मधला फरक विसरतो की काय? मी मोबाइलवर अंगठे आपटणार नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा पत्रच लिहायचं असेल तर ते वाचता येईल असं लिही.

बातमी अशी की तुझं कारंजं सोलापुरात आलं. थट्टा करत नाही. गेल्या वर्षी तू तुमच्या वालमोर गावच्या चौकातल्या कारंज्याचा फोटो पाठवला होतास ना, घट घेतलेली बाई आणि खाली चार मासे? तो मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता. आमच्या कॉलनीशेजारची बाग ज्या ट्रस्टची आहे, त्याचा सचिव अभिमन्यू माझा आठवी ब-चा विद्यार्थी. दिवाळीला पाया पडायला आला तेव्हा मी त्याला फोटोसमोर उभं केलं आणि विचारलं, "तुझ्या बागेत काय आहे? एक घसरगुंडी आणि दोन सिमेंटची हरणं. त्यातलं एक लंगडं. लाज वाटत नाही?" त्याला वाटली. प्रजासत्ताक दिनाला उद्घाटन झालं.

बाई फायबरची आहे आणि कारागीर गणपती करणारा, त्यामुळे फ्रेंच बाईला नथ आली आहे आणि तिच्या उघड्या खांद्यावरून ट्रस्टच्या लोकांनी पदर घेतला आहे. माशांचे डोळे मात्र चांगले जमलेत. संध्याकाळी दिवे लागले, पाणी उडालं आणि सुकन्या, मी खोटं सांगत नाही, मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. या शहरात सगळं काही उपयोगाचं असतं. निव्वळ बघण्यासाठी म्हणून एखादी वस्तू असावी, असं कुणाला वाटतच नाही.

आणि त्या बाईच्या पायाशी काय लावलंय? पत्र्याची पाटी. बिरप्पा म्हणून बागेचा राखणदार आहे, अक्कलकोटकडचा. त्याने काळ्या रंगात स्वहस्ते लिहिलंय: "वंगाळ पानी हाय. पिऊ नका." पाण्यातला ण गेला, आहे मधला आ गेला, आणि वंगाळ! मी त्याला म्हटलं, "बिरप्पा, ही काय भाषा आहे?" तर म्हणतो, "म्याडम, माज्या आईला कळतीया ती भाषा हाय." मी तडक अभिमन्यूला पत्र लिहिलंय. ती पाटी मी राहू देणार नाही.

बाकी ठीक. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे. माझी मायाक्का दोन घरची कामं सोडून त्या दिवशी नळाशी बसते. तिची मुलगी चंद्रिका पुढच्या महिन्यात बाळंतपणासाठी यायची आहे, त्यामुळे हल्ली माझ्या भांड्यांकडे तिचं लक्ष नाही.

तुझी,
विजूमावशी

*

वालमोर, २२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

नमस्कार. अक्षर सावकाश काढते आहे, र आणि स तपासून घे.

नथ घातलेली वालमोरची बाई! नगरपालिकेच्या दप्तरखान्यात मी हे सगळ्यांना सांगितलं. आमचे प्रमुख इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. कारंज्याची दुरुस्ती होणार आहे आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय, हे तुला कळवलंच होतं. तेव्हा तुझ्या नथवाल्या बाईची ही जुळी बहीण तुला आधी दाखवते.

कारंजं १८७९ सालचं. कातडी कमावण्याचा कारखाना असलेल्या एका श्रीमंताने गावाला भेट दिलं, मुलीच्या लग्नानिमित्त. मूर्ती ओतीव लोखंडाची. पाणी मात्र नदीचं, आणि तेही कारखान्याच्या खालच्या अंगाचं. वर झरा होता, पण तिथून नळ आणायला खर्च जास्त. कारंजं शोभेचं होतं, म्हणून कुणी त्यावर वाद घातला नाही.

काल एक मजेशीर कागद सापडला. कारंज्याची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच महिन्यात तिथे एक पत्रा ठोकला होता. तो शुद्ध फ्रेंचमध्ये नव्हता, गावच्या बोलीत होता. त्या काळी इथल्या बायकांना तीच बोली यायची. भाषांतर करायला बसले तर मला तुझ्या बिरप्पाचेच शब्द आठवले: "वंगाळ पानी हाय. पिऊ नका." जवळजवळ अक्षरशः हेच, मावशी. स्पेलिंगही चुकलेलं.

तुझ्या कारंज्यात पाणी कुठून येतं?

तुझी,
सुकन्या

*

सोलापूर, १४ मार्च २०२५

प्रिय सुकन्या,

जिंकले!

पाटी बदलली. अभिमन्यूने नव्या पाटीचा मसुदा तपासायला माझ्याकडे पाठवला. विद्यार्थ्याला अजून माझ्या लाल शाईची भीती आहे, बरं वाटलं. त्यांच्या इंजिनिअरने लिहिलं होतं: "हे कारंजे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर चालते. सदर पाणी पिण्यास अयोग्य आहे." म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यात आलं. सांडपाणी साफ करून टँकरने आणतात. चांगलीच गोष्ट आहे, पण ती अशी सांगायची? लग्नाच्या पत्रिकेत कुणी नवऱ्याच्या मूळव्याधीचा उल्लेख करतं का? "सांड" खोडलं. "सदर" तर मी शाळेत चाळीस वर्षं खोडत आले. आणि "पिण्यास अयोग्य"? कारंज्याचं पाणी कोण पितं? तेही खोडलं. आता निळ्या ग्रॅनाइटवर पांढऱ्या अक्षरांत आहे:

"प्रक्रिया केलेल्या पाण्यावर हे कारंजे चालते. सौंदर्य पाहावे, सौंदर्य राखावे."

लय बघ. दुसऱ्या वाक्यावर मी दोन दिवस घालवले.

बिरप्पाने कटकट केली. जुना पत्रा काढायला हात धजेना. "म्याडम, ह्यात पिऊ नका कुटं लिवलंय?" मी म्हटलं, "बिरप्पा, माणसं गाढव नसतात." तो म्हणाला, "गाढव न्हाईत म्याडम, तानलेली हाईत." त्याला शेवटचा शब्द हवाच असतो. मी अभिमन्यूला फोन लावला, तेव्हा कुठे पत्रा निघाला.

कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की सिस्टर गळ्यात पुठ्ठा अडकवायच्या, "मी आज नियम मोडला" असं लिहिलेला. तिसरीत आठ दिवस सलग तो माझ्या गळ्यात होता. तेव्हा राग यायचा. पण भाषा नीट बोलावी लागते, हे त्यामुळेच अंगात मुरलं. बिरप्पाच्या गळ्यात कुणी कधी काही अडकवलं नाही, हाच त्याचा दोष.

चंद्रिका आली. सातवा लागलाय, डोहाळजेवण सासरी करून पाठवलीय. नवरा अजिनाथ अकलूजकडे एका डेअरीत आहे. पोरगी गोड आहे, बारावी झालेली, वर्तमानपत्र मागून नेते. मात्र परवा फिरायला गेले तर ती आणि मायाक्काच्या वस्तीतल्या दोन बायका कारंज्याशी कळश्या घेऊन! विसळायला आणल्या असणार. मी लांबूनच ओरडले, "अगं, शोभेची वस्तू आहे ती, मोरी नव्हे!" ती लाजून हसली आणि निघून गेली. आपल्या लोकांना एक सुंदर वस्तू धड ठेवता येत नाही.

तुझी,
विजूमावशी

*

वालमोर, २ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

हे पत्र घाईत लिहिते आहे. अक्षरावरून रागावू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मला पुढचे कागद मिळाले. १८८४ साली वालमोरला शाळा तपासणीस आला. त्या काळी इथल्या शाळांतही बोलीभाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत, अगदी तुझ्या पुठ्ठ्यासारखा. तपासणीसाला चौकात तो अशुद्ध पत्रा दिसला. त्याने नगराध्यक्षांना पत्र लिहिलं की प्रजासत्ताकाच्या चौकात ही गावंढळ भाषा शोभत नाही. पत्रा निघाला. जागी संगमरवरी फलक आला, उत्तम फ्रेंचमध्ये: "हे जल नगराच्या अलंकरणासाठी अर्पण." बायकांना त्यातला एकच शब्द कळला, "जल". त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या होत्या.

एकतीस माणसं गेली, मावशी. चर्चच्या वहीत नावं आहेत. मी सगळी उतरवून घेतली.

मला तुला घाबरवायचं नाही. पण तू पाटीतून "पिण्यास अयोग्य" खोडलंस असं लिहिलंयस. आणि चंद्रिकेच्या हातात कळशी होती. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं हेही तूच लिहिलंयस. ती कळशी विसळत होती, की भरत होती? कृपा करून आजच मायाक्काला विचार. पाटी नंतर बदलेल, आधी तोंडाने सांग.

तुझ्या लँडलाइनवर तीनदा फोन केला. बंद आहे असं सांगतात, आणि मोबाइलचा नंबर तू मला कधी दिलाच नाहीस.

सुकन्या

*

सोलापूर, २५ एप्रिल २०२५

प्रिय सुकन्या,

चंद्रिका गेली. शनिवारी, एकोणीस तारखेला, दुपारी.

कावीळ. आधी दोन दिवस नुसती मळमळ. गरोदरपणात होतंच म्हणून कुणी बघितलं नाही. मग डोळे पिवळे झाले. मायाक्काने कुणाकडून तरी झाडपाल्याचं औषध आणलं, ते मी फेकून दिलं आणि रिक्षा करून दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीव तोडून केलं. ते म्हणाले, ही कावीळ इतरांची महिन्याभरात उतरते, पण पोटुशी बाई असेल तर हातात राहत नाही. आधी मूल गेलं. मग ती बरळायला लागली आणि मग तेही थांबलं. तेवीस वर्षांची होती.

वस्तीत आणखी चौदा जण पिवळे झालेत. मला सांग, हे कुठलं शतक आहे? बेचाळीस डिग्री उन्हात बायका पाच दिवसांचं पाणी पिंपात साठवतात, त्यात किडे पडतात, आणि सगळे गप्प! मी तीन वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली आहेत. एकालाही मी सोडणार नाही.

ट्रस्टने बिरप्पाला घरी बसवलंय. धोक्याची पाटी परवानगीविना काढली, असा त्याच्यावर ठपका आहे. चौकशी होणार आहे. बायकांना कारंज्यापासून हटवणं हे त्याचंच काम होतं. मी त्याला कितीदा सांगितलं होतं.

तुझं पत्र एकोणीसलाच आलं. मी दवाखान्यातून परत आले तेव्हा दारात पडलेलं होतं. त्यातल्या प्रश्नांना सवडीने उत्तर देईन. लँडलाइन मी गेल्या वर्षीच काढून टाकला, तुला सांगायचं राहिलं.

मावशी

*

वालमोर, १३ मे २०२५

प्रिय मावशी,

चंद्रिकेचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मायाक्काला माझा नमस्कार सांग.

पुढचं मी दोनदा लिहून फाडलं, कारण तुला असं काही लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला निबंध लिहायला तू शिकवलंस. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहावं आणि कर्ता लपवू नये, हे वाक्य तुझं आहे. "पाटी काढण्यात आली" असं मी एकदा लिहिलं होतं तेव्हा तू समासात लाल शाईने विचारलं होतंस: कोणी काढली?

मावशी, कोणी काढली?

तुझं चौदा मार्चचं पत्र माझ्याकडे आहे. त्यात बिरप्पाने विचारलेला प्रश्न तूच लिहिला आहेस. ते पत्र मी अभिमन्यूंना पाठवू शकते. पाठवणार नाही. ते तुझं काम आहे. पण वालमोरची एक गोष्ट तुला कळायला हवी. एकतीस माणसं गेल्यावर इथेही चौकशी झाली होती. निगा राखणाऱ्या म्हाताऱ्याला काढून टाकलं. तपासणीसाचं पत्र दप्तरात खाली दाबलं गेलं. ते एकशेचाळीस वर्षांनी मला सापडलं. तोवर गावात सगळे हेच सांगत होते की म्हातारा दारू प्यायचा.

तुझी,
सुकन्या

*

सोलापूर, ९ जून २०२५

प्रिय सुकन्या,

तुझं पत्र मी दोन दिवस फ्रेममागे ठेवलं होतं. नंतर फ्रेमच उतरवली.

क्रमाने लिहिते.

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. चंद्रिकेच्या दहाव्याला मी वस्तीत गेले. मायाक्का पत्र्याच्या दाराशी बसली होती, शेजारी अजिनाथ. मी नेहमीसारखी बोलायला लागले, पाण्याच्या पिंपांबद्दल. मायाक्का म्हणाली, "पिंपातलं न्हवतं बाई. पिंपातलं आमी भांड्याला वापरत हुतो. पेयाला कारंज्याचं आनायचो. तिच्यासाटी. पोटुशीला चांगलं पानी पायजे म्हनून."

मी म्हटलं, "मायाक्का, ते गटाराचं पाणी होतं गं."

मग अजिनाथ बोलला, मान खाली घालून. "आमच्या डेअरीच्या दारावर मोटी पाटी हाय, बाई. दूध प्रक्रिया केंद्र. तिथं दूध तापवतेत, गार करतेत, जंतू मारतेत. प्रक्रिया केलेलं म्हंजी समद्यात चांगलं. मीच तिला तसं सांगितलेलं. ती फोनवर म्हनली, हितं बागेत प्रक्रिया केलेलं पानी फुकट हाय, नळाच्या पान्यापेक्षा निवळशंक दिसतंय."

आणि मायाक्का म्हणाली, "मी आदी न्हाई म्हनले हुते. बिरप्पानं पत्रा लावला हुता की तितं. मंग पोरीनं मला न्हेऊन नवी पाटी वाचून दावली. मी समद्या वस्तीला सांगितलं, आता प्या, पाटी आमच्या बाईंनी लिवलीया. बाई चुकीचं लिवत न्हाईत."

सुकन्या, ती हे टोचून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तर देता येतं. ती टोचून बोलत नव्हती. मला समजावून सांगत होती, की ती माणसं गाढव नव्हती.

हे मला अठ्ठावीस एप्रिलपासून ठाऊक आहे. तुझं हे तेरा मेचं पत्र येईपर्यंत मी गप्प राहिले. आणि पंचवीसच्या पत्रात तुझ्यापासून जे लपवलं ते असं, की दवाखान्यातून येऊन तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि त्याच क्षणी मला कळशी दिसली. ती भरलेली होती. मार्चमध्येही मला ती भरलेलीच दिसली होती. ती कमरेवर पेलायला चंद्रिका एका बाजूला झुकली होती. रिकामी कळशी घेऊन कुणी तसं चालत नाही. मी बघितलं ते बघितलंच नाही, कारण मला कारंजं बघायचं होतं.

चौकशी दोन जूनला झाली. ट्रस्टची पाच माणसं, एक वकील, आणि कोपऱ्यात बिरप्पा इस्त्रीचा शर्ट घालून. अभिमन्यूने मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. त्याला वाटलं मी बिरप्पाविरुद्ध सांगायला आले. मी पर्समधून तो मसुदा काढून टेबलावर ठेवला. इंजिनिअरचं टाईप केलेलं वाक्य, माझी लाल शाई, खाली माझी सही आणि तारीख. जपून ठेवला होता, दुसऱ्या वाक्याच्या लयीसाठी.

"ही पाटी मी लिहिली," मी म्हटलं. "पिण्यास अयोग्य हे शब्द मी खोडले. बिरप्पाने मला अडवलं होतं. पत्रा त्याला मी काढायला लावला."

अभिमन्यू कागद उलटा करत म्हणाला, "बाई, हे रेकॉर्डवर यायची गरज नाही. तुमचं वय बघता..." त्याचाही त्यात हात होता, म्हणून त्याचा सूर मऊ होता. मी म्हटलं, "अभिमन्यू, आठवीत कॉपी करताना सापडलास तेव्हाही तू असाच कागद उलटा केला होतास. सरळ कर आणि वहीत चिकटव." वकिलाने लिहून घेतलं. पोलिसांकडेही प्रत जाणार आहे. पुढे काय होईल ते होवो. माझ्या वयाचं कौतुक कुणी करू नये, एवढं मी त्यांना बजावलं.

बिरप्पा परत कामावर आला. माझ्याशी बोलत नव्हता, फक्त मान हलवायचा. मायाक्काही येते. मला वाटलं होतं ती काम सोडेल. तिने सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज सकाळी वाटतं. ती भांडी घासते, फरशी पुसते, आणि जाताना पायऱ्यांवर बसून पाणी पिते. स्वतःच्या बाटलीतलं. बारा वर्षं ती माझ्या माठातलं पाणी पीत होती. पहिल्या दिवशी मी तांब्या भरून पुढे केला. "नगं बाई," म्हणाली, एवढंच. आवाजात राग नव्हता. आता मी तांब्या पुढे करत नाही.

कारंजं बंद आहे. बाईची नथ कुणीतरी उपटून नेली. तळाशी हिरवं पाणी साचलंय. ते काढायला अजून महिना लागेल म्हणतात. ग्रॅनाइटची पाटी मी उखडायला लावली, आणि बिरप्पाने काल नवा पत्रा आणला. रंगवून होईपर्यंत मी बाकावर बसून होते. झाल्यावर तो ब्रश पुसत माझ्याकडे आला. तोंड उघडलं ते कामावर परतल्यापासून पहिल्यांदा.

"म्याडम, बगून घ्या. चुकलं आसंल तर आत्ताच सांगा. रंग ओला हाय."

मी चष्मा लावला. काळी, मोठी, थोडी उजवीकडे कललेली अक्षरं. वंगाळ पानी हाय. पिऊ नका.

पर्समध्ये लाल पेन होतं. असतंच.

"काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "असंच राहू दे."

तुझी,
विजूमावशी